चेंडू झाडात अडकला, तर बेस किती?

हिंगण्यासारख्या तालुक्याच्या गावी बेसबॉलसाठी स्वतंत्र मैदान मिळणे दुरापास्तच. शाळेच्या पटांगणावरच सामना होणार. तेथे कडुनिंबाचे झाड असणार आणि एका बाजूला कुंपणाविना रस्ता. मग झाडात अडकलेल्या चेंडूचा निर्णय पंचांनी कसा द्यावा?

याची सोय बेसबॉलच्या नियमांतच आहे. यजमान संघाने मैदानापुरते विशेष नियम सामन्यापूर्वी मुख्य पंच व प्रतिस्पर्धी संघापुढे मांडायचे असतात. एकमत न झाल्यास ते पंच ठरवतात. मात्र मूळ नियमांना बाध येता कामा नये. शिकागोच्या रिगली फील्डवर भिंतीवरील वेलीत चेंडू अडकला, तर फलंदाजास दोनच बेस मिळतात, ते अशाच नियमाने.

मुलांच्या सामन्यात याला अधिक महत्त्व आहे. रस्त्याच्या अलीकडे चुन्याची रेघ आखून, टप्पा खाऊन ती ओलांडणाऱ्या चेंडूला दोन बेस ठरवले, की चेंडूमागे कोणी रस्त्यावर धावत नाही. गल्ली क्रिकेटमध्ये मुले असे नियम रोजच करतात. पंचांचे काम एवढेच, की ते पहिल्या चेंडूपूर्वी दोन्ही संघांना ऐकवावेत आणि नंतर कोणासाठीही बदलू नयेत.