कुत्रा चावलाच नाही, तर?

न्यूयॉर्क राज्यात २०१३ ते २०२५ अशी बारा वर्षं एक विचित्र परिस्थिती होती. कुणाची गाय कुंपणातून निसटून रस्त्यावर आली, तिच्यावर गाडी आदळली आणि माणूस जखमी झाला, तर गाईच्या मालकावर निष्काळजीपणाचा दावा लावता येत होता. तसाच कुणाचा कुत्रा सुटून सायकलीच्या चाकात आला आणि सायकलवाल्याची हाडं मोडली, तर कुत्र्याच्या मालकावर तसा दावा चालत नव्हता. बिचारी गरीब गाय!

मी वकील नव्हे, संगणकवाला आहे. पण शनिवार-रविवारी सायकल चालवणाऱ्यांपैकी आहे, आणि आपल्या मंडळातल्या निदान निम्म्या घरांत आता कुत्री आहेत. तेव्हा या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतात.

इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या जुन्या कायद्याचं म्हणणं असं, की जनावर धोकादायक आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल, तरच तो हमखास जबाबदार. म्हणजे थोडक्यात, पहिला चावा माफ. न्यूयॉर्कने हा नियम आणखी आवळला. तिथल्या कोर्ट ऑफ अपील्ससमोर (हे राज्याचं सर्वांत वरचं न्यायालय, ‘सुप्रीम कोर्ट’ हे भारदस्त नाव तिथे खालच्या कोर्टाला आहे) २००६ साली एका बैलाचं प्रकरण आलं. गोठ्याची दुरुस्ती करणाऱ्या सुताराला बैलाने जखमी केलं होतं. बैल तोवर कुणाच्या वाटेला गेलेला नव्हता. कोर्ट म्हणालं, स्वभाव माहीत नव्हता ना, मग निष्काळजीपणाचा साधा दावाही चालणार नाही. २०१३ साली रस्त्यावर भटकलेल्या गाईसाठी कोर्टाने अपवाद केला. आणि २०१५ साली सेंट्रल पार्कमधलं प्रकरण आलं. कुत्रा रस्त्याच्या एका बाजूला, मालकीण दुसऱ्या बाजूला. तिने हाक मारली, कुत्र्याला धरून असलेल्या माणसाने त्याला सोडलं, कुत्रा रस्त्यावरून धावत सुटला आणि मध्ये सायकलवाला आला. कोर्टाने सांगितलं, गाईचा अपवाद शेतातल्या जनावरांपुरता, कुत्र्याला नाही. एप्रिल २०२५ मध्ये, टपाल घेऊन आलेल्या एका कर्मचारी बाईंना कुत्रा चावल्याच्या प्रकरणात, याच कोर्टाने स्वतःचा २००६ चा नियम मोडीत काढला. आता न्यूयॉर्कमध्ये कुत्र्याच्या मालकावर निष्काळजीपणाचा दावा लावता येतो.

न्यू जर्सीत चावण्यापुरता कायदा फार कडक आहे. कुत्रा सार्वजनिक जागी चावला, की पूर्वी तो कितीही शहाणा असला तरी मालक जबाबदार. पण आपल्या डी अँड आर कालव्याच्या काठच्या वाटेवर कुत्रा सायकलीला आडवा आला, दात लागलेच नाहीत आणि तुम्ही पडून मनगट मोडून घेतलंत, तर हा कलमी आधार संपतो. मग मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. कुत्रा मोकळा होता का? तिथे लीश बंधनकारक होती का? मालकाने त्याला वेळेत आवरलं का? लीशचा स्थानिक नियम मोडलेला असणं हा इथे उपयोगी पुरावा ठरतो. कनेटिकटमध्ये मात्र दातांची अट नाही. कुत्र्याने शरीराचं वा मालमत्तेचं कसलंही नुकसान केलं तर मालक जबाबदार. जखमी माणूस दुसऱ्याच्या जागेत घुसला असेल किंवा कुत्र्याला छळत असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे पोर्ट चेस्टरमध्ये पडलात तर एक कायदा आणि बायरम नदीचा पूल ओलांडून ग्रिनिचमध्ये पडलात तर दुसरा. हाड मात्र दोन्हीकडे सारखंच मोडतं.

चावण्यावर एवढा भर का, हे मला इंजिनियर म्हणून कधीच पटलेलं नाही. ताशी पंधरा मैलांनी जाणारी सायकल सेकंदाला बावीस फूट पुढे जाते. कुत्रा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. मग प्रत्यक्ष थांबायला आणखी अठरा-वीस फूट. एकूण चाळीस फूट. धावता कुत्रा ताशी वीस मैल सहज गाठतो, म्हणजे वाटेच्या कडेच्या गवतातून तो सहा फूट आत यायला सेकंदाचा पाचवा हिस्साही पुरे. इथे सायकलवाल्याचं कौशल्य कामाला येत नाही. शिवाय सायकल उभी राहते ती पुढचं चाक सतत किंचित डावी-उजवीकडे वळवून. त्या चाकालाच धक्का बसला, की तोल सावरायचं साधनच जातं. वीस पौंडांचा लाडका, कुणालाही न चावणारा कुत्रासुद्धा एवढं सहज करू शकतो. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, कुत्रं मागे लागलं की पाय वर उचलून हँडलजवळ घ्यायचे, हे आपण शाळेत असतानाच शिकलो. ती युक्ती मागून पोटरीकडे येणाऱ्या कुत्र्यासाठी ठीक आहे, आडव्या येणाऱ्यासाठी नाही. कुत्रा लांबून येताना दिसला तर वेग कमी करून उतरावं आणि सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी, हे बरं.

आता पैशांबद्दल, कारण आपली माणसं नेमकी इथेच गप्प बसतात. माझ्या सायकलच्या गटातला एक मित्र असाच पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. कुत्रा आपल्यातल्याच एका कुटुंबाचा, गणपतीला एकाच पंगतीला बसणारे लोक. मित्राने एक अक्षर काढलं नाही. “चार डॉलर्ससाठी शेजाऱ्यावर दावा करायचा का?” त्याच्या आरोग्य विम्याचं डिडक्टिबल आणि सहा आठवड्यांची बुडालेली कंत्राटी कमाई मिळून ते चार डॉलर्स काही हजारांवर गेले. त्या कुटुंबाला हे कुणी सांगितलंच नाही. त्यांनी एकदा डबा पाठवला, फोन केला आणि विषय संपला असं धरलं. मित्राच्या बायकोच्या मनात ते राहिलं. आज दोन्ही घरांत बोलणं नाही. म्हणजे ज्या शेजारधर्मासाठी तो गप्प बसला, तोच गेला.

त्या दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं ते हे: अशा वेळी पैसे बहुधा शेजाऱ्याच्या खिशातून जात नाहीत. घराच्या विम्यात दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी सहसा समाविष्ट असते, आणि ती घराच्या आवारापुरती नसते. कुत्र्याने कालव्याच्या काठावर केलेला घोळही त्यात येऊ शकतो. भाड्याने राहणाऱ्यांच्या विम्यातही हे असतं. शिवाय बऱ्याच पॉलिसींत ‘दुसऱ्यांचा औषधोपचार’ म्हणून एक छोटी रक्कम असते, साधारण हजार ते पाच हजार डॉलर्स, आणि ती मिळायला चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. म्हणून शेजाऱ्याकडे विमा कंपनीचं नाव विचारणं म्हणजे भांडण नव्हे. गाडीला गाडी घासली की आपण निमूटपणे कागद दाखवतोच की!

मात्र वेळ दवडू नये. न्यू जर्सीत सज्ञान माणसाला असा दावा लावायला दोन वर्षं मिळतात, न्यूयॉर्कमध्ये तीन. पडल्या जागी मालकाचं नाव, फोन, एखादा साक्षीदार, लीशचा आणि जागेचा फोटो एवढं मिळालं तर उत्तम. आणि सायकलवाल्याची बाजूही तपासली जाते. कानात गाणी, घंटी नाही, पायी चालणाऱ्यांच्या गर्दीत भरधाव सायकल, असं असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. न्यू जर्सीत तुमची चूक निम्म्याहून अधिक ठरली तर काहीच मिळत नाही.

कुत्रा पाळणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी: ती डबीतून सुटत जाणारी सोळा किंवा सव्वीस फुटांची लीश. न्यूयॉर्क शहरात लीश सहा फुटांहून लांब चालत नाही, आणि हा आकडा उगाच आलेला नाही. लांब लीशवरचा कुत्रा वाटेच्या एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला आणि मध्ये गुडघाभर उंचीवर ताणलेली बारीक दोरी, ही संध्याकाळच्या उजेडात सायकलवाल्याला दिसतच नाही. मोकळ्या कुत्र्यापेक्षा मला तिची जास्त भीती वाटते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या किंवा आठ वर्षांच्या मुलाच्या हाती कुत्रा देताना ही डबी घरी ठेवून साधी आखूड लीश द्यावी. ओढ बसली तर पहिल्यांदा तेच पडतात. विम्याच्या एजंटला एक फोनही करावा. काही कंपन्या कुत्र्यांमुळे झालेली इजा वगळतात, काही ठरावीक जातींना नाही म्हणतात (न्यूयॉर्कने घराच्या विम्यात जातीवरून असा भेद करायला २०२१ च्या कायद्याने मनाई केली). आपल्या पॉलिसीत कुत्रा आहे की नाही हे कागदावर लेखी मागून घ्यावं. एजंट तोंडी “काही काळजी नको” म्हणतोच.