मागे ट्रेलर लावला की पिकअपचं सर्व्हिसिंग लवकर का करावं लागतं?

अमेरिकेत पिकअप ही नुसती मालाची गाडी नसते. फोर्ड, रॅम, शेवरोलेटच्या मोठ्या डिझेल पिकअपच्या मागे लोक घोड्यांचा ट्रेलर, बोट, गवताचे गठ्ठे, नाहीतर चक्क चाकांवरचं घर जोडतात आणि शेकडो किलोमीटर जातात. कोलोरॅडोमधला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर पोहोचतो. तिथून पाच टनांचा ट्रेलर घेऊन खाली उतरताना गाडीची देखभाल नीट झाली आहे की नाही, याची खरी परीक्षा होते.

किलोमीटर तेच, काम वेगळं

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगची दोन वेळापत्रकं असतात. एक नेहमीच्या वापरासाठी, दुसरं खडतर वापरासाठी. बरेच जण पहिलंच वाचतात. पण ट्रेलर ओढणं, धुळीचे रस्ते आणि गाडी तासन् तास चालू ठेवून उभी करणं, हे सगळं दुसऱ्या वेळापत्रकात मोडतं. त्यात ऑईल आणि फिल्टर बऱ्याच लवकर बदलायला सांगितलेलं असतं.

कारण आहे उष्णता. रिकामी गाडी आणि ट्रेलर ओढणारी गाडी दोघींच्या मीटरवर १०,००० किलोमीटर दिसले, तरी दुसरीचं इंजिन कितीतरी जास्त तापलेलं असतं. त्यात अशा इंजिनात ऑईलही भरपूर लागतं. रॅमच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनात सुमारे ११ लिटर ऑईल जातं, तर आपल्याकडच्या छोट्या कारमध्ये तीन-चार लिटर. खर्च मोठा, म्हणून लोक चालढकल करतात आणि नंतर त्याच्या कितीतरी पट पैसे गॅरेजमध्ये मोजतात.

डिझेलमधलं पाणी

आजच्या डिझेल इंजिनात इंधन सुमारे २,००० बार दाबाने फवारलं जातं. कारच्या टायरमधल्या हवेचा दाब साधारण दोन बार असतो, त्यावरून अंदाज यावा. इतक्या दाबावर चालणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात पाणी मिसळलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही खराब होऊ शकतात. म्हणून फिल्टरमध्ये साठलेलं पाणी वेळोवेळी काढायचं, फिल्टर वेळेवर बदलायचा आणि पाण्याचा दिवा लागला की गाडी तशीच पुढे रेटायची नाही.

गिअरबॉक्सही तापतो

अमेरिकेतल्या या बहुतेक पिकअप ऑटोमॅटिक असतात. चढावर ओझं ओढताना त्यांच्या गिअरबॉक्सचं ऑईल खूप तापतं. तापून तापून ते काळं पडतं, जळका वास येतो आणि आतल्या क्लच प्लेट घसरू लागतात. तापमानाचा काटा वर जायला लागला, तर वेग कमी करणं किंवा सुरक्षित जागी थांबणं शहाणपणाचं.

ब्रेक ऑईल जुनं होतं ते असं

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-३ प्रकारचं नवं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की ते उकळतं, वाफ तयार होते आणि पेडल नुसतंच खाली जातं. ऑईलची पातळी बरोबर दिसत असली, तरी ते ठरलेल्या मुदतीत बदलावं लागतं ते यासाठी.

ट्रेलर विसरू नका

मोठ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. ट्रेलर गाडीपासून सुटला, तर ते ब्रेक आपोआप लावणारी छोटी बॅटरी त्याच्यावर असते. ती उतरलेली असेल, तर ऐनवेळी काहीच होत नाही. म्हणून निघण्यापूर्वी बॅटरी, दिवे, साखळ्या आणि टायरची हवा तपासायची. चाक काढून बसवलं असेल, तर ८० ते १६० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. टायरची नक्षी चांगली दिसली तरी वय पाहायचं. बाजूच्या शेवटच्या चार अंकांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असतं. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे पिकअपला ट्रेलर क्वचितच जोडतात, पण टोमॅटोचे क्रेट भरून घाट उतरणाऱ्या पिकअपला हेच नियम लागू पडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं, असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते यासाठीच. गिअर गाडीला आवरून धरतो आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला फक्त किलोमीटर सांगू नका. गाडी किती ओझं घेऊन आणि कुठल्या रस्त्यांवर धावते, तेही सांगा.