कातळानं वाढवलेली पायर

बसा पोरांनो, तो कंदील जरा अलीकडं ओढा. आज राजाराणीची गोष्ट नाही, झाडाची आहे. आणि झाडही असं, की चांगल्या जमिनीत रुजलं तर वाड्याच्या कौलांवरून डोकं काढील आणि कातळाच्या भेगेत रुजलं तर म्हातारं झालं तरी तुमच्या गुडघ्याला लागेल. जात तीच, बी तेच, फरक काय तो मुळांना जागा किती मिळाली याचा. त्या झाडाचं नाव पायर.

पायर बघायला आपल्या जुन्नर-आंबेगावच्या लोकांना लांब जायला नको. शिवनेरीची सात दरवाजांची वाट चढताना, चावंड-हडसर-जीवधनच्या वाटेला, नाहीतर घोडेगावावरून भीमाशंकराकडं निघालात की डिंभ्याच्या वरच्या अंगाला, जिथं जिथं काळा कातळ उघडा पडलाय तिथल्या कपारींवर नजर ठेवायची. लांबून बघणारा म्हणतो, हा तर पिंपळ. पान तसंच बदामी असतं ना! पण जवळ गेलं की कळतं, पिंपळाच्या पानाला जी लांब शेपटी असते ती हिला नाही, टोक आखूड असतं, आणि देठ न् शिरा तांबूस-गुलाबी. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक हे सगळे हिचे भाऊबंद. पान तोडलं की पांढरा चीक येतो, ती या कुळाची खूण. नवी पालवी फुटते तेव्हा तर सगळं झाड तांब्याच्या रंगाचं होतं, आणि काळ्या खडकावर ती लाली इतकी देखणी दिसते की डोंगर चढणारा माणूस दम खायच्या निमित्तानं तिथंच टेकतो.

आता ती एवढ्या उंच कपारीत गेली कशी? कुणी नेऊन लावली? तर लावणारे पुष्कळ आहेत. तांबट, बुलबुल, साळुंकी, आणि आपल्या राज्याचा पक्षी तो हिरवापिवळा हरियाल, हे सगळे या कुळाच्या फळांवर तुटून पडतात, आणि रात्री वटवाघळं येतात ती वेगळीच. फळातलं बी खसखशीएवढं बारीक, ते बहुतेक पक्ष्यांच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. पक्षी बसतो कड्याच्या टोकाला, किल्ल्याच्या तटावर, विहिरीच्या काठावर, आणि पेरणी तिथंच होऊन जाते. शेकडो बियांतलं एखादंच जगतं, पण जे जगतं ते चिमूटभर धुळीवर न् पावसाच्या ओलीवर जगतं.

आपला डोंगर मुळात लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरले, ते निवताना आकसले न् त्यांना उभ्या-आडव्या भेगा पडल्या. याच कातळात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी छिन्नी घालून लेणी कोरली, आणि याच कातळाच्या भेगांमध्ये पायरीचं मूळ शिरतं. मुळाचं टोक सुतापेक्षा बारीक असतं, त्यावर एक टोपी असते, तिच्यातून बुळबुळीत रस पाझरतो आणि त्या रसावर ते टोक पुढं सरकत जातं. आधी फक्त वाट शोधायची, पाणी शोधायचं. वाट सापडली की मग मूळ जाड व्हायला लागतं, वर्षाला कणभर म्हणा ना, पण थांबत नाही. आणि पैलवानानं एकदा पट काढला की समोरच्याला माती दाखवल्याशिवाय सोडत नाही, तसं ते दगडाला सोडत नाही. दोन मुळं वाटेत एकमेकांना भिडली तर ती चिकटून एकजीव होतात. खडकावर अशा मुळांची जाळीच तयार होते, आणि ती जाळी बघताना मूळ कुठलं न् दगड कुठला हे हात लावल्याशिवाय सांगता येत नाही.

मग झाड बुटकं का राहतं? वरच्या फांद्या आणि खालची मुळं यांचा व्यवहार चोख असतो. मुळं पाणी पाठवतात, क्षार पाठवतात, आणि सोबत निरोपही पाठवतात, म्हणजे कोंब फुटायला लागणारी संप्रेरकं. मुळाला जागाच वीतभर असेल तर निरोप थोडा जातो, पाणी थोडं जातं, मग फांदी आखूड, पान बारीक. आपल्याकडं वरून चार महिने धो धो पाऊस न् आठ महिने तापलेला कातळ. पायर पावसात खाऊन-पिऊन घेते, उन्हाळा अंगावर आला की पानं गाळून गप बसते. पण एखादं मूळ लोंबत लोंबत खाली खऱ्या मातीला टेकलं, की मात्र बघत राहावं. वर्षानुवर्षं खुजं राहिलेलं तेच झाड दोन-चार पावसाळ्यांत उसळी मारून वर जातं. वाढायची ताकद सगळी अंगात असते, ती फक्त जागेची वाट बघत असते.

आमच्या भागात एका जुन्या विहिरीच्या घडीव भिंतीत अशीच पायर होती. मालक दर दिवाळीला कोयता घेऊन तिला बुडाशी साफ करायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा फुटायची, कारण तिची शिदोरी भिंतीच्या आत, मुळात साठवलेली. मधल्या काळात धनगराच्या शेळ्या यायच्या, विहिरीच्या काठावर पुढचे पाय टेकवून, मान लांबवून कोवळे शेंडे खुडून न्यायच्या. शेळीला या कुळाचा पाला फार आवडतो. असं वर्षानुवर्षं चाललं आणि झालं काय, बुंधा बुडाशी मांडीएवढा जाड, वर जाताना निमुळता, वाकडा, प्रत्येक घावाच्या जागी एक गाठ न् एक नवी फांदी, आणि सगळी उंची दोन हातांची. शहरातली हौशी माणसं वामनवृक्ष, म्हणजे ते बोन्साय, करायला वर्षं घालवतात. त्यांना जे हवं असतं ते नेमकं हेच. कापायचं, फुटू द्यायचं, पुन्हा कापायचं. बुंध्याला निमुळतेपण येतं ते या कापण्यानं.

ही करामत जगभर चालते. कॅनडात, नायगरा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो त्याच कड्याच्या रांगेत सीडरची झाडं दगडातून बाहेर आलेली आहेत, बुटकी, वेडीवाकडी. शास्त्रज्ञांनी त्यांच्या खोडातली वर्षाची वलयं मोजली तर काही झाडं हजार वर्षांहून जुनी निघाली. तोवर तिथल्या लोकांना ती किरकोळ झुडपं वाटायची. आणि माणसानं कुंडीत जपलेल्या झाडाची गोष्ट ऐकायची असेल तर जपानची ऐका. १६३० साली शिवनेरीवर शिवबा जन्मले. त्याच्या पाचेक वर्षं आधी, १६२५ च्या सुमाराला, जपानात एका पाईन झाडाला कुंडीत वळण द्यायला सुरुवात झाली होती. पुढं ते हिरोशिमाच्या यामाकी घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. १९४५ साली त्या शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा हे झाड तिथून तीनेक किलोमीटरवर, अंगणाच्या भिंतीआड होतं, म्हणून वाचलं. १९७६ साली घराण्यानं ते अमेरिकेला भेट दिलं, ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच, आणि बॉम्बबद्दल चकार शब्द काढला नाही. २००१ साली यामाकींची नातवंडं वॉशिंग्टनला ते झाड बघायला गेली, तेव्हा कुठं तिथल्या लोकांना सगळी हकिगत कळली. आजोबाच्या आजोबानं पाणी घातलेलं झाड नातवाला बघायला मिळतं, हे या कलेचं खरं सुख.

तुम्ही विचाराल, आपल्या बांधाबांधावर ती उंच निलगिरी आहे, तिचं होतं का असं? होतं की. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची, तिच्यातल्या एका जातीची झाडं तर शंभर मीटरच्या आसपास जातात, फुलझाडांतल्या सगळ्यात उंच झाडांत तिची गणना होते. तिकडं रानाला वणवे फार. म्हणून निलगिरीच्या पुष्कळ जातींना बुडाशी, मातीलगत, एक फुगीर गाठ येते. तिच्यात अन्न साठवलेलं आणि झोपलेले डोळे भरलेले. वरचं सगळं जळून गेलं तरी त्या गाठीतून पुन्हा कोंब उठतात. ऑस्ट्रेलियातले हौशी लोक त्याच गाठीच्या जिवावर आपल्या घरच्या झाडाला कुंडीत वळण देतात, आणि ते बरोबरच करतात, त्यांच्या मातीचं झाड त्यांच्या हाताला कळतं. आपल्याकडं शेळी निलगिरीला तोंड लावत नाही, फळं खाणाऱ्या पक्ष्यांनाही तिच्यात खायला फारसं काही नाही. आपल्या घरचं झाड म्हणाल तर पायर, आणि तिला वळण कसं द्यायचं हे कातळानं न् शेळीनं आपल्याला आधीच दाखवून ठेवलंय.

तर करायचं कसं, ते नीट ऐका. मृगाचा पाऊस लागला की जुन्या घराच्या भिंतीत, गच्चीच्या कोपऱ्यात, मोरीच्या पाइपाशी रोपं उगवलेली दिसतात. त्यातलं एखादं मुळासकट हलकेच सोडवायचं. उभं सोटमूळ अर्ध्यावर कापायचं म्हणजे बाजूची मुळं फुटतात. ओढ्यातला एखादा खाचाखोचांचा काळा दगड आणायचा, त्याच्या खाचांतून मुळं पसरायची, सुतळीनं बांधायची आणि दगडासकट सगळं खोल कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं. दोन-तीन पावसाळे त्याला विसरून जायचं, फक्त पाणी न् ऊन द्यायचं. मग वरून थोडी थोडी माती काढत जायची. मूळ उघडं पडलं की त्यावर साल चढते, ते जाड होतं, दगडाला बसतं. घाई केली तर मूळ वाळतं.

माती मात्र आपली काळी कसदार नको बरं का. उसाला ती सोनं, पण कुंडीत ती चिकट होते, पाणी धरून बसते न् मूळ कुजवते. जाडसर मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि मुरलेलं शेणखत, एवढं पुरे. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून निघून गेलं पाहिजे. कातळाची भेगही तशीच असते. झाड घरात ठेवायचं नाही, त्याला उघडं ऊन हवं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी. फांदी वाकवायला तार गुंडाळता येते, पण पावसाळ्यात या कुळाची झाडं इतकी भराभर जाड होतात की तार सालीत रुतते, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी बघायचं न् रुतायच्या आत कापून काढायची. झाड तब्येतीनं चांगलं असेल तर पावसाच्या तोंडावर सगळी पानं देठ ठेवून खुडायची. नवी येतात ती बारीक येतात. पायरीचं पान तरी मोठंच, म्हणून झाडही दीड-दोन हातांचं ठेवावं, वीतभर झाडाचा हट्ट धरू नये. तेवढं लहानच हवं असेल तर बारीक पानाचा नांद्रुक घ्यावा. आणि दोनेक वर्षांनी, पावसाच्या सुरुवातीलाच, कुंडीतून काढून मुळांची तिसऱ्या हिश्शाची छाटणी करायची. लोकांना वाटतं यात झाडाचे हाल आहेत. तसं नाही. हाल असते तर त्यानं दर साल नवी पालवी फोडली नसती. कापलेल्या मुळाला नवं मूळ फुटतं, झाड तरणं राहतं.

आता यातली सगळ्यात मोठी नवलाई. झाड बुटकं होतं, पान बारीक होतं, पण फळ बारीक होत नाही. कुंडीतल्या झाडाला फळ धरलं तर ते रानातल्या झाडाएवढंच. आणि ते फळ म्हणजे खरं तर आतबाहेर उलटलेला फुलोरा. फुलं सगळी आत, दार एकच, टाचणीच्या टोकाएवढं. त्या दारातून दोन मिलिमीटरसुद्धा न भरणारा कीटक आत शिरतो, शिरताना त्याचे पंख गळून पडतात, आत तो परागकण पोचवतो, अंडी घालतो न् तिथंच मरतो. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा, उंबराचा वेगळा. दोन-एक दिवसांचं आयुष्य, पण वाऱ्यावर बसून कित्येक किलोमीटर जातो आणि वासावरून आपलं झाड हुडकतो. गच्चीवरच्या कुंडीला कातळावरचा सोबती असा भेटायला येऊ शकतो.

जाता जाता एक गोष्ट गाठीला बांधा. किल्ल्याच्या तटातलं, लेण्यांतलं, देवळाच्या चिऱ्यांतलं रोप आपण ओढून काढायचं नाही. ती मुळं चिरे फोडतात हे खरं, पण ओढलं तर रोपासोबत चिराही हलतो. ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या माणसांचं. भीमाशंकरचं सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं रान १९८५ साली शेकरूसाठी अभयारण्य झालं, तिथून पानही उचलायचं नाही, कायदाही तेच सांगतो. रोप घ्यायचं ते आपल्या भिंतीतलं, जे गवंडी उद्या उपटून उकिरड्यावर टाकणारच आहे. तेव्हा येत्या मृगात घराची पन्हळ न् विहिरीची भिंत एकदा बघून घ्या, सापडलंच रोप तर कुंडीत लावा, आणि दोन सापडली तर दुसरं बांधाच्या मोकळ्या कोपऱ्यात, घरापासून न् विहिरीपासून लांब लावा, म्हणजे हरियालाचीही सोय होईल.