येशूचा खटला : प्रचलित समजुती आणि वस्तुस्थिती

येशू ख्रिस्तावरील खटल्याची जी कथा लोकमानसात रुजली आहे, तिच्यात रोमन अधिकारी पंतय पिलात हा भिडस्त, पापभीरू आणि ओरडणाऱ्या जमावापुढे निरुपायाने मान तुकविणारा गृहस्थ म्हणून वावरतो. आणि पाणी मागवून सर्वांदेखत हात धुणारी त्याची मूर्ती इतकी परिचयाची झाली आहे की, हा प्रसंग चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या मत्तयाने दिला आहे, याचे स्मरण सहसा कोणास राहत नाही.

शुभवर्तमानांबाहेरच्या साधनांतला पिलात निराळा आहे. इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा अंमल त्याच्याकडे होता. त्याचे नाव कोरलेली शिळा १९६१ साली कैसरिया येथे सापडली, आणि टॅसिटससारख्या इतिहासकाराने त्याला ‘प्रोक्युरेटर’ म्हटले असले तरी त्याचा खरा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ हा होता, हे तिच्यावरून ठरले. समकालीन यहूदी तत्त्वज्ञ फिलो त्याला हट्टी आणि क्रूर म्हणतो. यहूदी इतिहासकार जोसेफस सांगतो की, मंदिराच्या खजिन्यातील पैसा पाण्याच्या पाटासाठी वापरल्याबद्दल लोक गाऱ्हाणे घेऊन जमले, तेव्हा पिलाताने साध्या वेषातले शिपाई गर्दीत पेरून त्यांच्यावर सोटे चालविले. आणि अखेर शोमरोनी लोकांच्या कत्तलीबद्दल फिर्याद झाल्यावर सीरियाच्या सुभेदाराने त्याला जाब देण्यासाठी रोमला धाडले. तो कधीच नमला नाही असे मात्र नव्हे : सम्राटाच्या प्रतिमा असलेली निशाणे यरुशलेमेत आणल्यावर लोकांनी आपल्या माना उघड्या करून पुढे केल्या, तेव्हा ती त्याला परत न्यावी लागली. पण याला मी पापभीरूपणा म्हणणार नाही; हा हिशेब होता. येशू रोमन नागरिक नव्हता, आणि अशा प्रजाजनाचा जीव ठेवणे वा घेणे सर्वस्वी त्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीतले असे. तेव्हा हात कितीही वेळा धुतले तरी हुकूम त्याचाच होता.

येशूला धर्मनिंदेबद्दल क्रूस मिळाला, ही समजूतही अर्धवटच आहे. मुख्य याजक कयफापुढे आरोप धर्मनिंदेचा ठेवला गेला खरा. परंतु त्या अपराधाला मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शिक्षा दगडमाराची, तर क्रूस हा रोमन सत्तेने विशेषतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेला. पिलातापुढे येताच फिर्यादीचा मसुदाच पालटला : हा कैसराला कर देऊ नका म्हणतो आणि स्वतःस राजा म्हणवितो, असे लूकच्या वृत्तांतात फिर्यादी सांगतात, आणि क्रूसावर लावलेला फलकही ‘यहूद्यांचा राजा’ असाच होता.

रात्रीची बैठक आणि त्याच दिवशी निकाल यांमुळे यहूदी कायदा मोडला गेला, असे पुष्कळदा ठासून लिहिले जाते. ते नियम इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाह या ग्रंथातले असल्याने येशूच्या काळी ते लागू होतेच, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय मार्क रात्रीची न्यायसभा सांगतो, लूक पहाटेची, आणि योहानाच्या वृत्तांतात तर कयफाचा सासरा हन्ना याने केलेली विचारपूस तेवढी आहे. अन्याय सिद्ध करण्यास मिश्नाहची गरजही नाही. दोन-तीन साक्षीदारांच्या जबानीवाचून कोणास मृत्युदंड देऊ नये, हा मोशेच्या नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या ग्रंथातला दंडक कितीतरी जुना. आणि मार्क स्पष्ट सांगतो की साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तेव्हा न्यायासनावरील कयफाने स्वतःच प्रश्न घालून आरोपीच्या तोंडून उत्तर काढले आणि त्या उत्तरावर त्याला दोषी ठरविले.

सर्वांत घातक समज म्हणजे या मृत्यूचा दोष समस्त यहूदी जातीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे, हा. या न्यायाने कोकणात तेलाचे घाणे चालवून शतकानुशतके नांदलेले बेने इस्रायल लोकही आरोपी ठरतील! प्रत्यक्षात त्या न्यायसभेतलाच एक सभासद, अरिमथाईकर योसेफ, निर्णयाला संमत नव्हता, असे लूकच नमूद करतो. तरीही मत्तयाने जमावाच्या तोंडी घातलेल्या ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो’ या एका वाक्याच्या आधारे युरोपात यहूद्यांचा अनन्वित छळ झाला. त्या वेळच्या सर्व यहूद्यांवर सरसकट, अथवा आजच्या यहूद्यांवर, हा दोष लादता येणार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले.