भोंगा थांबल्यानंतरचे गिरणगाव

चिपळूण, शिराळा किंवा आजऱ्याहून आलेला जुना गिरणी कामगार आज परळ-लालबागेत उतरला की पहिली अडचण पत्त्याचीच येते. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. करी रोड आणि चिंचपोकळीची नावे तीच आहेत, पण बाहेर पडल्यावर खुणेची गिरणी सापडत नाही. एके काळी इथे वाट विचारली, की उत्तरात गिरणीचे नाव असायचेच.

लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. तिचे धुराडे तेवढे आवारात उभे आहे. कमला मिलमध्ये कार्यालये आणि उपाहारगृहे आली. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक उभारले जात आहे.

इमारती बदलल्या हे कोणालाही दिसते. परतलेल्या माणसाला अधिक चुकल्यासारखे होते ते दिवसाच्या घड्याळामुळे. भोंगा वाजला की साचेखात्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळी वस्ती त्या तालावर चालायची. बहुतेक कामगारांची बायकामुले गावी असत. एका गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या गाळ्यात वीस-तीस जण राहत, प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीकडेला. एकाची पाळी सुरू झाली की त्याच्या जागेवर दुसरा अंग टाकी. या माणसांची पोटे सांभाळली खानावळवाल्या बायकांनी, उधारीच्या वहीवर. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकांचे कर्ज त्यांच्या चुलीपर्यंत नेले. गिरणगावच्या इतिहासात या बायकांना कामगार पुढाऱ्यांइतकीच जागा मिळायला हवी.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबला, उधारी संपली, तशी माणसे गावी निघून गेली. गेलेल्यांपैकी अनेकांना परत कामावर घेतलेच नाही.

मग प्रश्न उरला बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची ढोबळ वाटणी ठरली होती: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. आधीच बांधकाम असलेली जागा वाटणीतून वगळून फक्त रिकामी जमीन हिशेबात धरायची, असे ठरले. गिरणी म्हणजे भिंतीला भिंत लागून उभ्या शेड. रिकामी जमीन ती किती असणार? मैदाने आणि घरे यांचा वाटा तिथेच आकसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. आजचे गिरणगाव असे का दिसते, याचे उत्तर काळाच्या ओघात शोधू नये. ते या एका दुरुस्तीत आहे.

तरीही कामगार परत येतात, ते हक्काच्या घरासाठी. म्हाडाने त्यांच्यासाठीची पहिली सोडत २०१२ साली काढली. २०२० मध्ये बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली. घर २२५ चौरस फुटांचे. त्यासाठी गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, असे चाळीस वर्षांपूर्वीचे कागद काढून दाखवावे लागतात. ज्याचा संसार एका ट्रंकेत मावत होता, त्याने ते जपले असतील तर नशीबच म्हणायचे. कितीतरी अर्जांवर आता वारसांची नावे आहेत.

अर्ज करणारे लाखाहून अधिक आणि मुंबईतली घरे थोडी, म्हणून सरकारने मुंबईबाहेरच्या शेलू आणि वांगणीचा पर्याय पुढे केला. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला आहे. घर मुंबईतच द्या, ही त्यांची मागणी रास्त आहे. कारण ज्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, ती परळ आणि लालबागचीच होती.