जुनी मोटार सुरू का होत नाही?

पहाटेची वेळ आहे, हवेत गारवा आहे. घरापुढे उभी असलेली जुनी मोटार सुरू करण्यासाठी मालक किल्ली फिरवितो. एंजिन घरघरते, परंतु पेट घेत नाही. थोड्या वेळाने शेजारी जमतात. एक म्हणतो, प्लग बदला. दुसरा म्हणतो, पंप गेला. तिसऱ्यास कार्बुरेटरचा संशय येतो. तिघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे असू शकेल, आणि अडचण नेमकी येथेच आहे. अनेक कारणांचे लक्षण एकच असते. अंदाजाने एकेक भाग बदलीत गेल्यास पैसा तर जातोच. पण गाडी सुरू झाली तरी ती कशामुळे सुरू झाली हे कळत नाही, आणि आठवड्याने तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो.

ज्या गाड्यांविषयी येथे लिहावयाचे आहे त्या कार्बुरेटर असलेल्या गाड्या होत. आपल्याकडे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट ११०० या नमुन्याची गाडी बाहेर पडू लागली. १९७४ पासून तीच पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात रस्त्यावरून गेली, तरी हौसेने जपलेल्या अशा गाड्या बंगळुरात आजही आढळतात. सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या जे. सी. रोडवर भाग शोधीत हिंडणाऱ्यांत त्यांचे मालकही असतात. भाग विकत घेण्यापूर्वी कोणता भाग बिघडला आहे हे कसे ठरवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण दाबले जाणे, आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. दाब एकाएकी नाहीसा होत नाही. तो वर्षानुवर्षांच्या झिजेने कमी होतो. म्हणून काल चालणारी गाडी आज चालत नसेल, तर संशय प्रथम ठिणगीवर किंवा पेट्रोलवर घ्यावा. अर्थात एंजिन पुरेशा वेगाने फिरत आहे हे आधी पाहिले पाहिजे. किल्ली फिरविताच दिवे मंद होत असतील आणि एंजिन कण्हत असेल, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या गंजलेल्या जोडांचा असतो. पेट्रोलकडे वळण्याचे कारण नाही.

ठिणगी व पेट्रोल यांचा निवाडा करणारा साक्षीदार एंजिनातच बसविलेला असतो. आठदहा सेकंद एंजिन फिरवून लगेच एक प्लग काढावा व त्याचे टोक पाहावे. ते कोरडे असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचलेलेच नाही. ते ओले असून त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचले आहे, पण जळलेले नाही. म्हणजे ठिणगी पडत नाही, किंवा पेट्रोल इतके जास्त आले आहे की मिश्रण पेटण्याजोगे राहिलेले नाही. चोक ओढून वारंवार किल्ली फिरविणाऱ्यांच्या गाडीत हा दुसरा प्रकार फार आढळतो. अशा वेळी चोक पूर्ण बंद करून व वेगाचे पेडल शेवटपर्यंत दाबून धरून एंजिन फिरविल्यास जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. ठिणगी पाहावयाची झाल्यास काढलेला प्लग तारेस जोडून, रबरी मुठीच्या पकडीने धरून, एंजिनाच्या लोखंडास टेकवावा. परंतु ही परीक्षा पेट्रोलची कोणतीही नळी उघडण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोलचा मार्ग शोधावयाचा. टाकी मागे असते. तेथून एक बारीक नळी पुढे येते. एंजिनाच्या अंगास बसविलेल्या पंपात एक लवचीक पडदा असतो. एंजिनातील एक दांडी तो खाली ओढते तेव्हा पेट्रोल आत शोषले जाते. स्प्रिंग तो वर ढकलते तेव्हा पेट्रोल कार्बुरेटरच्या लहानशा कुंडीत जाते. कुंडी भरली की त्यात तरंगणारा फ्लोट एक सुई वर दाबतो आणि वाट बंद होते. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत हीच युक्ती असते.

गाडी पंधरावीस दिवस उभी राहिली असेल, तर या कुंडीतील पेट्रोल उडून गेलेले असते. हा बिघाड नव्हे. पुष्कळ पंपांना हाताने चालविण्याची लहान दांडी असते. ती काही वेळा हलविली की कुंडी भरते. तसे करूनही प्लग कोरडाच राहिला, तर ठिणगीची तार काढून ठेवावी, कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरावे आणि दुसऱ्या माणसास एंजिन फिरविण्यास सांगावे. ठोक्याठोक्याने चांगली धार आली, तर पंपापर्यंत सर्व ठीक आहे. दोष पुढे, अडकलेल्या सुईत किंवा तुंबलेल्या जेटमध्ये आहे. धार क्षीण असेल, तर दोष पंपात अथवा त्यामागे आहे. एका परीक्षेने निम्मा मार्ग निर्दोष ठरतो.

पंपामागील दोषांपैकी दोन मोठे फसवे आहेत. पहिला टाकीच्या झाकणाचा. पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा टाकीत आली पाहिजे. हवेचे छिद्र बुजले, तर आत निर्वात होऊ लागतो आणि काही वेळाने पंपाचे ओढणे व्यर्थ ठरते. गाडी वीस मिनिटे उत्तम चालते, मग आचके देत थांबते. अर्ध्या तासाने, काहीच न करता, पुन्हा सुरू होते. गाडी थांबताच झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरल्याचा फुसकारा ऐकू आला आणि गाडी चालू लागली, तर निदान झाले. त्यासाठी एक पैसाही लागला नाही. दुसरा दोष नळीच्या बारीक चिरेचा. पंप व टाकी यांच्यामधील नळीत पंप चालत असता बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. म्हणून तिच्यातील चीर बहुधा पेट्रोल गाळीत नाही, ती हवा शोषते. जमिनीवर ओल शोधणाऱ्यास ती सापडत नाही.

पंपाचा पडदाच फाटला असेल, तर पेट्रोल एंजिनाच्या तेलात उतरू शकते. तेल मोजण्याची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आल्यास एंजिन मुळीच फिरवू नये. तेल पातळ होऊन बेअरिंगे जातात, आणि आगीचेही भय असते.

आता बंगळूरच्या हवेचा विचार करू. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे; तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते. कार्बुरेटर हवेचे वजन करीत नाही. हवेच्या वेगाने निर्माण होणाऱ्या ओढीनुसार तो पेट्रोल सोडतो. त्यामुळे मुंबईत जुळविलेली गाडी येथे आणली की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांनी वाढते व प्लगांवर काजळी धरू शकते. जुने कारागीर यासाठी थोडे लहान जेट बसवीत.

परंतु अलीकडे या हिशेबात नवा आकडा आला आहे. २०२३ च्या ६ फेब्रुवारीस बंगळुरातच, ऊर्जाविषयक परिषदेत, वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या विक्रीस आरंभ झाला, आणि पुढे ते देशभर पसरले. एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, इथेनॉलास ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणास सुमारे १३.५. म्हणजे जुने जेट तसेच ठेवल्यास हवा सुमारे आठ टक्के जास्त होते. उंचीचा परिणाम याच्या उलट दिशेचा असल्यामुळे तो यातील निम्मा भाग भरून काढतो. हिशेब ढोबळ आहे. पण समुद्रकाठी चालणारी गाडी येथे निराळी का वागते, आणि लहान जेटचा जुना उपाय आज उपयोगी का पडत नाही, हे त्यावरून कळते.

इथेनॉलाचे आणखी काही गुण जुन्या गाडीस जाचतात. त्याची वाफ करण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड सकाळी एंजिन उशिरा पेटते. ते टाकीतील वर्षानुवर्षांचा मळ सोडविते. तो गाळणीत व जेटमध्ये येऊन बसतो. जुन्या प्रकारच्या रबराचे पडदे व नळ्या त्याने फुगतात किंवा चिरतात. शिवाय ते ओल शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळे साचतात, आणि पंप ते प्रथम ओढतो. पावसाळाभर उभी ठेवलेली गाडी सुरू होईना, तर तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर होऊ द्यावे. दोन थर दिसले, तर कार्बुरेटर उघडण्यात अर्थ नाही; टाकीच रिकामी करावी लागते.

शेवटी, सर्वांत कठीण प्रश्न गरम गाडीचा. दुपारी सिल्क बोर्डच्या चौकात वाहनांची रांग तुंबली आहे. एंजिन तापले आहे. गाडी बंद पडते व सुरू होत नाही. पेट्रोलमधील हलके घटक थोड्या उष्णतेनेही उकळू लागतात. कमी दाबाखाली आणखी लवकर. उंचीमुळे बाहेरचा दाब आधीच कमी, पंपाच्या ओढीने नळीतील दाब त्याहून कमी. मग नळीत वाफेचे बुडबुडे अडकतात आणि पंप वाफच दाबीत राहतो. ओले फडके पंपावर व नळीवर ठेवले की दहा मिनिटांत गाडी चालू होते.

येथे पुष्कळजण फसतात. तापलेली कॉइल किंवा निकामी होत आलेला कंडेन्सर हेही नेमके असेच वागतात : गरम झाले की ठिणगी बंद, थंड झाले की सुरू. ओल्या फडक्याने गाडी चालू झाली यावरून दोष वाफेचाच होता असे सिद्ध होत नाही, कारण तेवढ्या दहा मिनिटांत कॉइलही निवते. निर्णय करावयाचा असेल तर गाडी बंद पडली त्याच क्षणी करावा. रस्त्याच्या कडेस घेऊन, निवण्यापूर्वी, एक प्लग काढावा. तो तापलेला असतो, म्हणून जाड फडके जवळ बाळगावे. आणि पेट्रोलचा ताजा वास जाणवत असेल तर ठिणगीची परीक्षा तेथे करू नये, केवळ प्लग ओला की कोरडा एवढेच पाहावे. घरी पोहोचल्यानंतर गाडी सर्व प्रश्नांची उत्तरे ‘ठीक आहे’ अशीच देते.