माशांच्या देहातील नत्राचा निचरा

मत्स्यबीज एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवावयाचे असले, म्हणजे जाणता मत्स्यसंवर्धक एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट करतो. रोहू, कटला, मृगळ यांची इवलीशी पिल्ले तो प्रवासापूर्वी पाण्यात बांधलेल्या कापडी हाप्यात कोंडतो आणि सुमारे एक दिवस त्यांना काहीही खाऊ घालीत नाही. लांबच्या वाटेला निघालेल्यास शिदोरी बांधून द्यावी, ही माणसांची रीत. येथे प्रवाशाला उपाशी ठेवून निरोप दिला जातो. एके काळी बंगालच्या नद्यांतून गोळा केलेले बीज मातीच्या हंड्यांतून आगगाडीने दूरदूर जात असे. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी तेव्हाच्या ओरिसात भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले आणि बीजासाठी नदीवरच विसंबून राहण्याची गरज पुढे उरली नाही. हंड्यांच्या जागी प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. उपवासाची रीत मात्र टिकून राहिली. पिशवीत प्राणवायू मुबलक असताही पोटभर जेवलेल्या पिल्लांचा जीव धोक्यात येतो, याचे कारण माशाच्या देहातून अखंड बाहेर पडणाऱ्या नत्रात आहे.

अन्नातील पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ देहात जळले, की कर्बद्विप्राणिद वायू आणि पाणी एवढेच मागे उरते. प्रथिनांचे तसे नाही. त्यांच्या वजनात सुमारे 16 टक्के नत्र असते. पचनानंतर प्रथिनांची अमायनो आम्ले होतात. त्यांपैकी काहींतून नवे मांस घडते. मात्र उरलेली आम्ले चरबीसारखी साठवून ठेवण्याची सोय कोणत्याच प्राण्याच्या देहात नाही. ती इंधन म्हणून वापरावी लागतात आणि तत्पूर्वी त्यांतील नत्राचा अंश वेगळा काढावा लागतो. माशांत हे काम मुख्यतः यकृतात चालते. वेगळा झालेला हा नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर येतो, आणि अमोनिया हे विष आहे. रक्तात त्याचे प्रमाण वाढले, की मेंदूचे व्यापार बिघडतात, मासा वेडावाकडा पोहू लागतो, त्याला झटके येतात आणि अखेर तो मरतो.

या विषाची वाट प्राणिसृष्टीने निरनिराळ्या प्रकारे लावली आहे. पक्षी आणि पाली यांनी जवळजवळ कोरड्या अशा यूरिक आम्लाचा मार्ग पत्करला आहे. मनुष्यादी सस्तन प्राणी अमोनियापासून सौम्य असा युरिया बनवितात. बहुतेक अस्थिमत्स्य मात्र अमोनिया जसाच्या तसा सोडून देतात. युरिया बनविण्यास शक्ती वेचावी लागते. माशाचा तो खर्च वाचतो, पण अमोनिया वाहून नेण्यास पाणी भरपूर लागते. स्थूलमानाने, एक ग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपाने सुरक्षितपणे टाकावयाचा तर सुमारे अर्धा लिटर पाणी हवे. युरियाच्या रूपाने त्याच्या दशांशात भागते. जमिनीवरील प्राण्याला न पेलणारी ही उधळपट्टी माशाला परवडते, कारण त्याच्या चहूकडे पाणीच असते.

हा अमोनिया देहाबाहेर पडतो कोठून? मनुष्याच्या अनुभवावरून पाहिले, तर उत्तर मूत्रपिंड असेच येईल. 1929 साली अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी हा प्रश्न एका सुटसुटीत प्रयोगाने सोडविला. त्यांनी मासा अशा पात्रात ठेवला, की मधल्या पडद्यामुळे त्याच्या डोक्याकडील पाणी आणि शेपटीकडील पाणी एकमेकांत मिसळू नये. काही काळाने दोन्हींकडचा नत्र मोजला. कार्प आणि गोल्डफिश या माशांच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडलेला नत्र मूत्रपिंडावाटे पडलेल्या नत्राच्या सहा ते दहा पट भरला. म्हणजे जे कल्ले प्राणवायू आत घेतात, तेच नत्राचा निचराही करतात. गोड्या पाण्यातील माशाचे मूत्रपिंड पुष्कळ मूत्र बनविते हे खरे, पण त्याचे मुख्य काम देहात सतत शिरणारे पाणी बाहेर काढण्याचे आहे.

कल्ल्यांतून अमोनिया कसा निसटतो, हे समजण्यासाठी त्याची दोन रूपे ध्यानात घ्यावी लागतात. एक साधे वायुरूप आणि दुसरे विद्युत्भार धारण करणारे अमोनियमचे रूप. पहिले रूप पेशींच्या पडद्यांतून सहज पार होते, दुसऱ्याला ते कठीण जाते. 2007 साली जपानमधील संशोधकांनी फुगू माशाच्या कल्ल्यांत या वाहतुकीसाठी खास प्रथिने असल्याचे दाखवून दिले. मनुष्याचा रक्तगट लिहिताना ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ हा शब्द ज्या ऱ्हीसस घटकावरून जोडतात, त्याच कुळातील ही प्रथिने होत. कल्ल्यांलगतचे पाणी श्वासातील कर्बद्विप्राणिदामुळे किंचित आम्लधर्मी झालेले असते. त्यात पोचताच अमोनियाचे अमोनियम होते आणि त्याची परतीची वाट जवळजवळ बंद होते.

अर्थात बाहेरचे पाणी फार अल्कधर्मी असेल, तर हे दार नीट चालत नाही. केनियातील मगाडी सरोवराच्या पाण्याचा सामू सुमारे 10 आहे. अशा पाण्यात अमोनिया टाकणे दुष्कर. तेथे राहणारा लहानसा तिलापिया आपला सारा नत्र युरियाच्या रूपाने सोडतो, असे 1989 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले.

समुद्रातील मुशीची कथा आणखी निराळी आहे. तिच्या जातीचे कूर्चामत्स्य युरिया बनवितात आणि तो टाकून न देता रक्तात राखून ठेवतात. 1858 सालीच हा युरिया रसायनज्ञांच्या नजरेस आला होता. मनुष्याच्या रक्ताच्या मानाने त्याचे प्रमाण पन्नास पट किंवा त्याहूनही अधिक असते. त्यामुळे देहातील द्रव समुद्राच्या पाण्याशी तोल राखतात आणि खारे पाणी देहाला शोषून घेत नाही. मुशी मेल्यावर थोड्याच वेळात तिच्या मांसाला जो उग्र दर्प येऊ लागतो, तोही याच युरियाचा. जीवाणू त्याचे पुन्हा अमोनियात रूपांतर करतात. म्हणूनच मुशी ताजी असतानाच स्वच्छ करावी लागते.

भारतातील पाणथळींत याहून जवळचे उदाहरण सापडते. बंगाल आणि आसाम येथील लोक शिंगी आणि मागूर हे मासे आवडीने खातात. हे मासे हवेतूनही श्वास घेतात आणि उन्हाळ्यात डबकी आटली म्हणजे चिखलात तग धरून राहतात. पाणी नाही, तर अमोनिया टाकावा कोठे? शिलाँगच्या विद्यापीठातील निर्मलेंदु साहा आणि बी. के. राथा यांनी 1987 साली दाखवून दिले, की शिंगीच्या देहात युरिया बनविण्याची संपूर्ण यंत्रणा कार्यक्षम आहे. बहुतेक अस्थिमत्स्यांत प्रौढपणी ती जवळजवळ निद्रिस्त असते. शिंगीवर प्रसंग गुदरला, की ती यंत्रणा वेग घेते आणि विषाचे सौम्य युरियात रूपांतर होते.

रोहूच्या पिल्लापाशी असा आधार नाही. त्याचा सारा भरवसा भोवतालच्या पाण्यावर. तळ्यात वा नदीत ते पाणी पुष्कळ असते आणि त्यातील जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करून टाकतात. पिशवीतील चार लिटर पाण्यात यांपैकी काहीच घडत नाही. उपाशी पिल्लाच्या देहात जाळण्यास अमायनो आम्ले थोडी असतात, म्हणून अमोनियाही थोडा सुटतो. शिवाय प्राणवायूही कमी लागतो.

तथापि प्रवास संपला म्हणजे धोका संपला, असे मात्र नाही. बंद पिशवीत श्वासातील कर्बद्विप्राणिद साठून पाणी आम्लधर्मी होते आणि अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अशा अमोनियमच्या रूपात बांधलेला राहतो. सामू 7 असेल, तर शंभर भागांत एक भागही वायुरूप नसतो. तो 9 वर गेला, की सुमारे तिसरा हिस्सा वायुरूप होतो. पिशवी उघडताच कोंडलेला वायू उडून जातो, सामू चढू लागतो आणि वाटभर निपचित राहिलेले विष जागे होते. म्हणून जाणता संवर्धक पिशवी आधी बंदच ठेवून तळ्यावर तरंगत सोडतो. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची उष्णता समान झाली, की ती उघडतो आणि मग मात्र रेंगाळत नाही. तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घेऊन तो पिल्लांना लौकर मोकळे करतो. शिंगी आपल्या विषाची व्यवस्था स्वतःच लावू शकते. रोहूच्या पिल्लासाठी ती त्याला नेणाऱ्या माणसाने लावावी लागते.